राख ओढणारा खडा

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २०२५

दाजी,

नमस्कार. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, पण पत्र तेवढं वाच.

तुझा खेडचा पत्ता तुझ्या दुकानाच्या आळीतल्या बाबल्या शिंप्याकडून मिळवला. देताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची कातर उचलून नेतोय. तुझे गुडघे कसे आहेत? संदेशकडे, लेकाच्या घरी, करमतं का? यंदा जगबुडी नदी तुमच्या दारापर्यंत आली होती म्हणून पेपरात वाचलं, तेव्हाच लिहायला बसलो होतो. पण माझी पेनं अशी आहेत की वाण्याची यादी लिहायला हसत येतात आणि पत्र म्हटलं की रुसतात. हे तिसरं पेन. पोस्टात गेलो तर म्हणे आता रजिस्टर बंद झालं, स्पीडनेच पाठवा. अरे, पंचाहत्तरीच्या माणसाला कसलं आलंय स्पीड!

काल भाट्याच्या समुद्रावर गेलो होतो. नोकरीची तीस वर्षं तिथल्या नारळ संशोधन केंद्रात गेली, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळतात. सुरूच्या बनात बसलो आणि आपला चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी समुद्राची कविता चालीवर म्हणायला लावत. तू चाल चुकायचास आणि छडी खायचास. माझा शब्द कधी चुकला नाही. अजूनही ती आख्खी कविता येते मला. हल्ली कुणाला म्हणून दाखवायला गेलं की माणसं मोबाइल बघतात.

तर मुद्दा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुला ठाऊक आहे.

गुणवंतीचं ते पदक. तूच घडवलेलं, मधे गुलाबी आणि कडेने हिरवा असा तुरमलीचा खडा बसवलेलं. तिचा भाऊ बोटीवर होता, त्याने ब्राझीलच्या बंदरातून आणला होता. आठवतं ना, खडा पहिल्यांदा पाहिलास तेव्हा तू म्हणालास, "काशा, ही तर कलिंगडाची फोड!" आणि मी चिडलो होतो, कारण मला संध्याकाळचं आभाळ दिसलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून जाईपर्यंत तिने ते घातलं. आता तिच्या फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवलंय, वर छोटा दिवा लावलाय. पण त्यावर धूळ बसते, दाजी. नुसती बसत नाही, चिकटते. शेजारी चांदीचा करंडा आहे, तो स्वच्छ. पदक पुसून ठेवावं तर दोन दिवसांत पुन्हा पिठात घोळल्यासारखं. पुसून पुसून वैताग आला.

ज्ञानेश्वरी ठाण्याहून मला मोबाइलवर सूचना पाठवते. हे लावू नका, ते लावू नका, वाफ नको, मशीन नको, अत्तर नको. आमच्या मुलीने आम्हाला शिकवायचं असे दिवस आले. परवा फोनवर तिने सरळ विचारलं, "बाबा, दाजीकाकांकडे देण्याआधी तुम्ही ते कशाने धुतलं होतंत का?" मी म्हटलं, मी कशाला धुतोय? तर म्हणाली, "मग झालंच. जानेवारीत मी येते, खडा मुंबईला तपासून घेते आणि ग्राहक मंचात रीतसर तक्रार करते. त्यांनी खडा बदलला तरी असेल, नाहीतर फोडला तरी असेल."

मी तिला थोपवून धरलंय. तुझ्याचसाठी, हे लक्षात घे. गेल्या वर्षी धनत्रयोदशीला तुझं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मी म्हणालो की दाजी, माझ्या बायकोचा खडा तू बदललास. म्हणालो खरा. मी रागात होतो. पण तूही विचार कर, नुसती सैल झालेली कडी आवळायला तुझ्याकडे पदक दिलं, आणि परत घेतलं तेव्हा खड्याच्या आत कोळ्याचं जाळं! आणि परत देताना तू त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतंस.

असो. झालं ते झालं. माझी विनंती लहान आहे. तू एवढंच लिहून पाठव की असे खडे वय झालं की आपोआप मंद पडतात, आतून जाळी धरतात. तुझ्या हातचं एक वाक्य पुरे. ज्ञानेश्वरीला दाखवतो. मग कुणाचाच दोष उरत नाही आणि विषय मिटतो.

आणि ती धूळ कशाने जाईल तेही लिही.

तुझा, अजूनही तुझाच,
काशीराम

*

खेड,
२१ नोव्हेंबर

काशा,

पत्र पोचलं. पेनांची हकीकत कळली.

धुळीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तो दिवा काढ. तुरमली तापला की धूळ ओढतो, तो त्याचा स्वभावच आहे. तुझ्या मेव्हण्याने खडा आणला त्या दिवशी माझ्या दुकानात सिगारेटची राख ओढून दाखवली होती. तू तेव्हा संध्याकाळच्या आभाळाबद्दल बोलत होतास, म्हणून पाहिलं नसशील. दिव्याच्या उबेने खडा तापतो आणि धूळ घेतो. करंडा बिचारा तापला तरी काही ओढत नाही.

धुवायचं तर कोमट पाणी, हाताला कळणार नाही इतपत कोमट. त्यात साबणाचा एक थेंब. लहान मुलाचा मऊ दातांचा ब्रश मागच्या बाजूने कोंदणात फिरवायचा, तिथेच मळ साचतो. त्याच कोमट पाण्यात खळबळून जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायचं. मुलगी म्हणते ते बरोबर आहे. थरथरणाऱ्या मशीनमध्ये टाकायचं नाही, वाफ द्यायची नाही. त्याच्या पोटात निसर्गाच्याच बारीक रेघा असतात, हादरा किंवा ऊष्मा लागला की त्या पसरतात. गरमातून गारात टाकणं तर सर्वांत वाईट. चुलीपाशी घालून बसायचं नाही. ठेवताना वेगळं ठेवायचं. गुणवंतीवहिनींची हिऱ्याची कुडी त्याच डब्यात असली तर ती याला ओरखडे काढेल. हिऱ्यापुढे हा मऊ.

आता तुझं वाक्य. ते मी लिहिणार नाही. हे खडे आपोआप जाळी धरत नाहीत. पणतवंडांच्या वयापर्यंत असेच राहतात, माणसाने राहू दिले तर.

मी खडा बदलला असं तुला वाटतं ना? मग पदक सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेव. जास्त तापवू नकोस, आधीच तडकलेला आहे. मग उदबत्तीच्या राखेवर बोटभर अंतराने धर. रंगीत काच असेल तर राख जागची हलणार नाही. तुरमली असेल तर उचलेल. आणि भिंगातून बघ, गुलाबी भागात डाव्या कोपऱ्यात पापणीच्या केसाएवढी काळी रेघ आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बसवताना मी ती मुद्दाम खडा धरणाऱ्या नखीखाली घेतली होती. जगात दुसऱ्या कुठल्या खड्यात ती रेघ तिथे नसणार.

एक अक्षर काढलं नाही म्हणतोस. दोनदा काढलं. पदक हातात घेतलं आणि भिंग लावलं तेव्हाच, कडीला हात लावायच्या आधी, विचारलं होतं, "काशा, हा तापवलास का रे?" तू छत्री झटकत होतास. न्यायला आलास तेव्हा पुन्हा म्हटलं, "खडा दुखावलाय, जपून ठेव." तू काउंटरवर बोटांनी ताल धरून पावसाची कुठलीशी कविता म्हणत होतास. मला वाटलं, वहिनी जाऊन वर्षच झालंय, माणूस ठिकाणावर नाही, आत्ता नको. ती माझी चूक.

तक्रार करायची तर खुशाल करा. मला त्या खड्याचं काही नको आणि तुझ्या मुलीचा रागही नाही. तू बोललास तेव्हा तुझ्या मागे नाचणे गावातली एक बाई उभी होती. आईची नथ मोती बसवायला आणली होती तिने. ती नथ तिने काउंटरवरून उचलली, मुठीत धरली आणि मागच्या मागे निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तशा मग रोज एक-दोन गेल्या. लोक मंगळसूत्रं माझ्या हातावर चिठ्ठीचपाटीशिवाय सोडून जायचे, ते नुसती चौकशी करून जाऊ लागले. शिमग्याआधी मी फळ्या लावल्या. संदेश इथे एका शोरूममध्ये उभा राहतो. दुसऱ्यांनी बसवलेले खडे गिऱ्हाइकाला दाखवतो. त्याचा हात माझ्यापेक्षा बारीक चालायचा.

माझं नाव तू जिथून उचललंस, तिथेच नेऊन ठेव. बाकी काही नको.

दाजी

*

रत्नागिरी,
४ डिसेंबर २०२५

दाजी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू इतकं लांब लिहू शकतोस हे शाळेत कळलं असतं तर गुरुजींनी तुला निबंधात तरी पास केलं असतं. चिडू नकोस. मला सरळ बोलायचं असलं की आधी थट्टा सुचते, त्याला मी काय करू?

दिवा काढला. धूळ खरंच कमी झाली. मला हायसं वाटायला हवं होतं, उलट संताप आला. इतकी साधी गोष्ट, आणि मी दीड वर्ष रोज फडकं घेऊन पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, ही गुणवंतीची माती आहे, ही मला सोडत नाही. त्यावर चार ओळीही केल्या होत्या. फाडून टाकल्या.

मग तुझी ती परीक्षा. सकाळी अंगणात पाटावर पदक ठेवलं. ऊन कोवळं होतं. देवापुढची उदबत्तीची राख कागदावर घेतली. खरं सांगतो, दाजी, मला ती राख हलायला नको होती. देवाची प्रार्थना करावी तशी मी त्या राखेची प्रार्थना करत होतो, बाई गं, पडून राहा. तू चोर ठरावास म्हणून मी माझ्याच अंगणात उकिडवा बसलो होतो. किती खाली गेलो बघ.

राख उठली. आधी एक कण, मग दोन-चार एकदम, मुंग्या भिंतीवर चढतात तसे. खड्याला खालून दाढी फुटल्यासारखी दिसली. भिंग लावलं. डोळ्यात पाणी येत होतं म्हणून दोनदा पुसावं लागलं, पण दिसली. नखीच्या कडेला. पापणीचा केस.

तेवढ्यात चिमा केर काढत आली. तुला माहीत आहे ती, आमच्याकडे वीस वर्षं कामाला आहे आणि मालकीण असल्यासारखी वागते.

"काय वो दादानू, भातुकली मांडल्याव काय सकालच्याला?"

मी म्हटलं, "चिमा, गप्प बस. शास्त्रीय प्रयोग चाललाय."

"शास्त्रीय! ता पदक वैनींचा ना? असा उन्हात कित्याक ठेवलाव? वैनी असत्या तर हात मोडल्यानी असता तुमचा."

मी वैतागून म्हणालो की तुझ्या वहिनीने दर गौरीला हेच पदक सगळ्या दागिन्यांबरोबर रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं, तेव्हा कुणाचा हात मोडला नाही.

चिमाने केरसुणी खाली ठेवली. "कोन बोलला तुमाला?"

"कोण कशाला बोलायला हवं? मी बघत होतो ना! झोपाळ्यावर समोर बसलेला असायचो. चाळीस वर्षं बघितलंय. चुलीवर टोप, त्यात रिठे, वर फेस, आणि त्या फेसात ती एकेक दागिना सोडायची. सोन्याची फुलं पाण्यात पडावी तशी."

"झोपाल्यावर असायचाव तुमी," चिमा म्हणाली, "पन डोले वहीत. वैनी ता पदक आदी काढून ठेवायच्या. येगल्या वाटीत, कोमट पानी, नि ज्ञानूताईचा बारीकपनीचा बुरुस. मना पन हात लावूक देत नव्हत्या. बोलायच्या, चिमे, ह्याला ऊन पानी सोसत नाय, तो दाजी सोनार बजावून गेलाय."

मग केरसुणी उचलून निघून गेली. तिला तेवढंच सांगायचं होतं. मी तिथेच पाटाशी बसून राहिलो. ज्या आठवणीवर मी इतका माजलो होतो, ती मी स्वतःच रचलेली निघाली.

तर हे असं आहे. गुणवंती गेली त्या वर्षी गौर साधीच बसवली. पुढच्या वर्षी म्हटलं, तेरड्याच्या गौरीला साडी नेसवायची तर दागिनेही तिच्याच पद्धतीने उजळून घालायचे. मी एकट्याने टोप ठेवला, रिठे उकळले आणि सगळं त्यात सोडलं. पदकसुद्धा. चटका बसायला लागला म्हणून वर कळशीतलं गार पाणी ओतलं. मला माहीत नव्हतं. पुरुषमाणसाला कुठे माहीत असतं? अज्ञानाने झालं, दाजी. अज्ञानाला कुणी किती दोष द्यायचा?

ज्ञानेश्वरीला सांगेन, योग्य वेळी. तक्रारीचं खूळ तिच्या डोक्यातून काढतो, ती जबाबदारी माझी. आळीत जाण्याचं म्हणशील तर वर्ष उलटून गेलं. लोक विसरले असतील. पुन्हा जाऊन खपली कशाला काढायची? तुझ्याही दृष्टीने ते बरं नाही, असं मला वाटतं.

मी चुकलो, हे मान्य. आता तरी मन मोकळं कर.

तुझा,
काशीराम

*

(पोस्टकार्ड)

खेड, ९ डिसेंबर

काशा,
तडा जाताना आवाज येतो. तुला आला होता का?
दाजी

*

रत्नागिरी,
२२ डिसेंबर २०२५

दाजी,

आला होता.

टक. पोह्याच्या पातेल्यात मोहरी तडतडते तेवढाच. कळशी अजून हातातच होती. मी झाऱ्याने पदक वर काढलं, खिडकीपाशी नेलं आणि बघितलं. तेव्हाच जाळं दिसलं. म्हणजे तुझ्याकडे पदक आणण्याच्या चार दिवस आधीपासून मला माहीत होतं. कडी सैल होती हे खरं, पण ती दहा वर्षं सैलच होती.

मी काय विचार केला असेन? खरं तर फारसा केलाच नाही. एवढंच वाटलं की तुझ्या हातात गेलं की ते तुझ्या हातचं होईल. तू विचारलंस तेव्हा मी छत्री झटकली. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा कविता म्हटली. पावसाची कविता मी कशाकशासाठी वापरली बघ.

दिवाळीला ज्ञानेश्वरी आली. पदक उजेडात धरून म्हणाली, "बाबा, हे काय झालंय?" आईची एवढी एकच वस्तू तिला हवी होती. गुणवंतीने मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतं, पदक तेवढं ज्ञानूला द्या, जपून. त्यातलं "जपून" माझ्या कानात होतं आणि तोंडातून तुझं नाव बाहेर पडलं. ती म्हणाली, "चला मग, आत्ताच्या आत्ता." घरापासून तुझ्या दुकानापर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. ती पुढे, मी मागे. बारा मिनिटांत एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या बारा मिनिटांत दुसरं वाक्य जुळवत होतो.

आणि जुळलं. तुझ्या दुकानात उभा राहून मी हात वर करून म्हणालो, "दाजी, तुला चंद्र जपायला दिला होता, तू चंद्राच्या जागी चुन्याची डबी ठेवलीस!" लोक थक्क होऊन बघत राहिले. मला त्या क्षणी, लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं. इतक्या लोकांनी माझी ओळ कधी ऐकली नव्हती.

तुझं पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मी ज्ञानेश्वरीला फोन केला. सगळं सांगितलं, टकसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, खडा गेला त्याचं मला काही नाही. आईच्या गळ्यातलं आहे, मी तडकलेलंच घालीन. पण मी दाजीकाकांना काय काय बोलले! त्यांनी मला लहानपणी कान टोचताना मांडीवर घेतलं होतं." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एवढाच मेसेज आला, की ती जानेवारीत आधी खेडला उतरणार आहे. एकटी. तू तिला दारातून परत पाठवू नकोस. ती माझ्या शब्दावर बोलली होती.

मग आळी. तू म्हणालास तिथेच नेऊन ठेव. शनिवारी बाजाराच्या वेळेला मुद्दाम गेलो. आधी बाबल्या शिंप्याकडे, कारण त्याच्या दुकानात चार माणसं कायम बसलेली असतात. मी उभा राहिलो आणि दाजी, मला शब्द फुटेना! साठ वर्षं मला शब्द कमी पडले नाहीत आणि त्या दिवशी एक साधं वाक्य जुळेना.

मी म्हटलं, "तो खडा... दाजीने नाही. मी."

"काय म्हणतोस? मोठ्याने बोल, मशीन चालू आहे."

"खडा मी तडकवला. दाजीचा दोष नव्हता."

"कुठला खडा?" बाबल्याने मशीन थांबवलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "हां हां, तो होय! अरे काशीराम, बरा आलास. हे माझे व्याही, चिपळूणचे. त्यांना ते सांग ना, चंद्राच्या जागी चुन्याची डबी! काय बोलला होता हा, व्याही, नाटकात शोभेल असं!"

मी म्हटलं, "ते खोटं होतं, बाबल्या."

"असेल रे. पण बोललास काय झकास!" आणि त्याने स्वतःच म्हणून दाखवलं. हात वर करून, माझ्यासारखा. व्याही हसले. मी तिथून पळालो.

पुढे पानवाल्याकडे गेलो, भांड्यांच्या दुकानात गेलो, वाचनालयात गेलो. सगळीकडे तेच. माझी ती ओळ सगळ्यांना पाठ आहे. आणि मी शनिवारी जे सांगितलं, ते रविवारी कुणाला विचारलं तर आठवत नाही. भांडीवालीण म्हणाली, "अहो, आता मैत्रीखातर सांभाळून घेताय, कळतं आम्हाला." म्हणजे मी थोर ठरलो! मी खरं बोललो तर त्यातही माझाच मोठेपणा झाला आणि तुझं नाव होतं तिथेच राहिलं. मी रस्त्यात उभा राहून रडलो, संतापाने. मुलं बघत होती.

आयुष्यभर मला वाटलं, आपल्याला सुंदर बोलता येतं ही देणगी आहे. आपण शाळेत जे जे पाठ केलं ते चालीवर होतं म्हणून राहिलं, हे मला कळायला हवं होतं. खोटं मी लयीत सांगितलं, ते गावाच्या तोंडी बसलं. खरं मी अडखळत सांगितलं, ते बसेना. आता खऱ्यालाही चाल लावावी तर ती पुन्हा माझीच कविता होईल, तुझं नाव पुन्हा माझ्या यमकात अडकेल. काल दिवसभर तसं काहीतरी जुळवण्याचा प्रयत्न केलाही. दोन ओळी चांगल्या उतरल्या. त्या तुला सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही.

म्हणून शेवटी साधं लिहिलंय. खाली आहे ते. मोठ्या अक्षरात एक प्रत काढून आज सकाळी दहा वाजता, आळी भरलेली असताना, तुझ्या दुकानाच्या बंद फळ्यांवर खळ लावून चिकटवली. पावसाने नाही पण वाऱ्याने फाटेल, तेव्हा दुसरी चिकटवीन. रोज संध्याकाळी जाऊन बघणार आहे. बाबल्या वाचून म्हणाला, "हे काय रे, कोर्टासारखं. ह्यात काही मजा नाही." तेव्हा मला वाटलं, जमलं.

वाचनालयात एक प्रत दिली. नाचणे गावच्या त्या बाईचं नाव कळत नाही, पण तिथल्या देवळातही एक ठेवून आलोय. संदेशला ही प्रत दाखव. त्याच्या शोरूमच्या मालकालाही दाखवायची असेल तर दाखव.

तुझी क्षमा मागत नाही. मागायला लागलो तर मी पुन्हा छान बोलेन.

~

लिहून देतो की,

माझी दिवंगत पत्नी गुणवंती हिच्या पदकातला तुरमलीचा खडा मी स्वतः सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्या घरी उकळत्या पाण्यात टाकला आणि त्यावर गार पाणी ओतले. त्यामुळे तो तडकला. तडकल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर मी पदक दाजी यांच्याकडे दिले. खडा तापवला होता का, असे त्यांनी मला आधी विचारले आणि परत देताना तो दुखावला आहे, असेही सांगितले. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्यांनी खडा बदललेला नाही. त्यांनीच बसवलेला खडा आजही त्या पदकात आहे. धनत्रयोदशीच्या दिवशी त्यांच्या दुकानात सर्वांसमोर मी जे बोललो, ते खोटे होते आणि बोलताना ते खोटे आहे हे मला माहीत होते.

काशीराम गोविंद मांडवकर
रत्नागिरी